माध्यमिक शाळेत ध्वनी-चित्रफीत निर्मिती कशी शिकवावी

माध्यमिक शाळेतील मुलांना ध्वनी आणि चित्रफीत निर्मिती शिकवायची ठरली की बहुतेक शिक्षक पहिल्याच तासाला त्यांच्या हाती कॅमेरा देतात. मुलांनाही तेच हवे असते. तरीही पहिले तीन-चार आठवडे केवळ ध्वनीवर काम करावे, असे माझे ठाम मत आहे. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलांनी असंख्य चित्रफिती पाहिलेल्या असतात, त्यामुळे चित्र बिघडलेले त्यांना चटकन दिसते. आवाज बिघडला असेल तर मात्र ‘काहीतरी बरोबर वाटत नाही’ यापलीकडे त्यांना काही सांगता येत नाही. किंचित अंधुक चित्र प्रेक्षक चालवून घेतो, पण बोलणे नीट ऐकू आले नाही तर तो थांबत नाही.

सुरुवात ऐकण्यापासून करावी. वर्गात पाच मिनिटे शांत बसवून कानावर पडलेल्या आवाजांची यादी प्रत्येकाला करायला सांगावी, आणि त्यानंतर त्याच खोलीचे अर्ध्या मिनिटाचे ध्वनिमुद्रण करून ते हेडफोनवर ऐकवावे. पंख्याची घरघर, दिव्याचा बारीक गुणगुणाट, बाहेरची वाहने यांतले बरेच काही यादीत आलेले नसते, कारण सवयीच्या आवाजांकडे मेंदू दुर्लक्ष करतो आणि माईक तसे करत नाही. खोलीच्या शांततेचे असे मुद्रण प्रत्येक चित्रीकरणाच्या ठिकाणी करून ठेवण्याची सवय इथेच लावावी. संकलनात दोन वाक्यांमधली फट बुजवायला ते लागतेच, आणि निःशब्द फट कानाला ताबडतोब खटकते.

पुढचा प्रयोग अंतराचा. एकच वाक्य माईकपासून १५, ३०, ६० आणि १२० सेंटीमीटरवरून बोलून मुद्रित करावे आणि चारही तुकडे सारख्याच मोठ्या आवाजात एकामागोमाग ऐकवावेत. अंतर निम्मे केले की थेट पोहोचणारा आवाज सुमारे ६ डेसिबलने वाढतो, मात्र भिंतींवरून परतणारा आवाज जवळजवळ तेवढाच राहतो. म्हणून लांबून मुद्रित केलेले बोलणे केवळ लहान येत नाही, तर विहिरीतून आल्यासारखे घुमते, आणि नंतर आवाज वाढवला तर ते घुमणेही सोबत वाढते. महागडा माईक दूर ठेवण्यापेक्षा साधा माईक तोंडाजवळ आणणे अधिक उपयोगाचे असते, हे या चार तुकड्यांनंतर वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

तांत्रिक बाबींपैकी थोड्याच सुरुवातीला सांगाव्यात. चित्रफितीसाठी ध्वनी ४८ किलोहर्ट्झवर (म्हणजे आवाजाचे सेकंदाला ४८ हजार नमुने घेऊन), शक्यतो २४ बिटमध्ये (म्हणजे प्रत्येक नमुना अधिक बारकाईने मोजून) आणि वेव्ह (.wav) या फाइल-स्वरूपात मुद्रित करावा. डिजिटल मुद्रणात शून्य डेसिबल ही कमाल मर्यादा असते. आवाज तिच्यापुढे गेला की लहरींचे माथे कापले जातात आणि तो फाटलेला आवाज नंतर धडपणे दुरुस्त होत नाही. म्हणून बोलण्याची शिखरे उणे १२ डेसिबलच्या आसपास ठेवावीत. ध्वनी सांभाळणाऱ्याच्या कानावर हेडफोन नसतील तर मुद्रण सुरू करायचे नाही, हा नियम मात्र पहिल्या दिवसापासून आणि अपवाद न करता पाळावा.

यानंतर दोन मिनिटांची ध्वनिमुलाखत हा पहिला प्रकल्प द्यावा. संकलनासाठी ऑडॅसिटी हे मोफत सॉफ्टवेअर पुरेसे आहे. इथे एक तास मी मुद्दाम उलट्या कामासाठी राखावा असे सुचवतो: एखाद्या सहकाऱ्याची संमती घेऊन त्याचे मिनिटभराचे उत्तर मुद्रित करावे आणि केवळ शब्द कापून व जोडून त्याचा अर्थ पालटून दाखवा, असे मुलांना सांगावे. ‘नाही’ हा एक शब्द काढला, किंवा एका प्रश्नाचे उत्तर दुसऱ्या प्रश्नाखाली जोडले, की काम होते. मुले हे आश्चर्यकारक वेगाने जमवतात, आणि नंतरची चर्चा आपोआप गंभीर होते: अडखळणे काढून टाकणे योग्य आहे का, लांबलेले उत्तर किती छाटावे, बोलणाऱ्याला अंतिम मुलाखत ऐकवावी का. संकलनातील प्रामाणिकपणावर व्याख्यान देण्यापेक्षा हा तास कितीतरी अधिक परिणाम करतो.

आता कॅमेरा. मोबाइल फोन आणि ट्रायपॉड एवढ्यावर भागते. झूम वापरू देऊ नये, जवळ जायचे असेल तर पायांनी जावे. फोकस, एक्स्पोजर (उजेडाचे प्रमाण) आणि व्हाइट बॅलन्स (रंगांचा समतोल) शॉट सुरू होण्यापूर्वी लॉक करायला शिकवावे, अन्यथा कोणी फ्रेममधून चालत गेले तरी उजेड आणि रंग मध्येच बदलतात. जिथे विजेची वारंवारता ५० हर्ट्झ आहे तिथे सेकंदाला २५ फ्रेम आणि १/५० सेकंद शटर (एका फ्रेमसाठी उजेड आत घेण्याचा वेळ), आणि ६० हर्ट्झ असेल तिथे ३० फ्रेम आणि १/६० शटर ठेवले, की दिव्यांचा लुकलुकाट टळतो.

पहिल्या चित्रसरावात संवाद नसावा. बुटाची नाडी बांधणे किंवा हरवलेली किल्ली शोधणे अशी एखादी क्रिया जास्तीत जास्त सहा शॉटमध्ये सांगायची, प्रत्येक शॉट किमान दहा सेकंद स्थिर धरायचा आणि कोणत्याही दोन शॉटमध्ये कॅमेऱ्याचे अंतर व कोन ठळकपणे वेगळा ठेवायचा. समोरासमोर बोलणाऱ्या दोघांमधली काल्पनिक रेषा ओलांडू नये, हा नियम आधी मोडून दाखवावा. दोघेही एकाच दिशेला पाहू लागलेले दिसले की त्याचे कारण मुलेच शोधून काढतात. रशियन दिग्दर्शक लेव्ह कुलेशोव्ह यांनी १९२० च्या सुमारास केलेला प्रयोगही वर्गात सहज होतो. एका विद्यार्थ्याच्या निर्विकार चेहऱ्याच्या एकाच शॉटला वेगवेगळी दृश्ये जोडावीत आणि चेहऱ्यावर काय भाव दिसतो, हे दुसऱ्या वर्गातील मुलांना विचारावे; चेहरा तोच असला तरी जोडलेल्या दृश्यानुसार भाव बदललेला वाटतो.

गट चौघांचे असावेत: दिग्दर्शन, कॅमेरा, ध्वनी, संकलन. प्रत्येक प्रकल्पाला जबाबदाऱ्या सक्तीने बदलाव्यात, कारण मुलांवर सोडले तर बोलके मूल कायम दिग्दर्शक होते आणि अबोल मूल कायम माईकचा दांडा धरून उभे राहते. साहित्य कमी असेल तर एक गट चित्रीकरण करत असताना इतरांनी संहिता लिहावी किंवा आधीच्या टेकची नोंदवही पूर्ण करावी.

फायलींची शिस्त कंटाळवाणी आहे, पण तिला पर्याय नाही. सेकंदाला २० मेगाबिट दराने केलेले एका मिनिटाचे चित्रीकरण सुमारे १५० एमबी जागा घेते, त्यामुळे कार्ड लवकर भरते. दोन वेगळ्या ठिकाणी प्रत झाल्याशिवाय ते पुसायचे नाही. मुले अल्पवयीन असल्याने चित्रीकरणापूर्वी पालकांची लेखी संमती घ्यावी आणि त्यात वर्गातील वापर व सार्वजनिक प्रसारण यांचा वेगवेगळा उल्लेख असावा. संगीत क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याचे (म्हणजे ठरावीक अटींवर इतरांना वापरू दिलेले) निवडल्यास त्या परवान्याच्या अटी वाचून श्रेय द्यायला लावावे. त्याहून चांगले म्हणजे लागणारे आवाज मुलांनी स्वतः तयार करावेत.

गुण देताना झळाळीला कमी आणि निर्णयांना अधिक महत्त्व द्यावे. शॉटची यादी, नोंदवही आणि ‘हा कट इथेच का’ याचे तोंडी उत्तर यांवरून ज्याला घरी उत्तम फोन मिळतो आणि ज्याला मिळत नाही, त्या दोघांचे मूल्यमापन सारखेपणाने करता येते. पहिला रफ कट (संकलनाचा कच्चा खर्डा) वर्गात दाखवताना करणाऱ्या गटाने गप्प राहावे आणि इतरांनी आपल्याला काय समजले एवढेच सांगावे. बचाव करण्याची संधी नसली की गोंधळ नेमका कुठे आहे ते गटाला ऐकू येते. त्यानंतरच्या दुरुस्त आवृत्तीसाठी वेळापत्रकात दोन तास आधीच राखून ठेवावेत, कारण सत्राच्या शेवटी ते कधीच उरत नाहीत.