अंबाझरी घरी, फुटाळा बहिणीकडे

२३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे नागपूरचा अंबाझरी तलाव ओसंडला आणि आमच्या तळमजल्यावर कमरेएवढं पाणी शिरलं. लॅपटॉप टेबलाच्या खालच्या कप्प्यात होता. बॅकअपची हार्ड डिस्कसुद्धा होती, अगदी शिस्तीत, त्याच कप्प्यात, त्याच पिशवीत. मी कोर्टाच्या कागदांची भाषांतरं करते. सातबारा, फेरफार, जबाब, मृत्युपत्रं. अकरा वर्षांचं काम एकाच गढूळ पाण्यात बुडालं.

पुढचा घोळ माझाच. दोन दिवस डिस्क गच्चीवर उन्हात ठेवली आणि तिसऱ्या दिवशी जोडून पाहिली. एकदा चर्र आवाज आला, मग काहीच नाही. तुमच्यावर अशी वेळ आली तर भिजलेल्या लॅपटॉपला किंवा डिस्कला वीज लावू नका, तांदळाच्या डब्यात पुरू नका, उन्हात वाळवू नका. आहे तशी डेटा रिकव्हरीवाल्याकडे न्या. खर्च ऐकून चक्कर येईल, पण आशा तरी शिल्लक असते. माझी मीच संपवली.

आता माझ्याकडे दोन डिस्क आहेत, प्रत्येकी एक टीबीच्या. पांढरी चिकटपट्टी लावून एकीवर ‘अंबाझरी’ लिहिलंय, दुसरीवर ‘फुटाळा’, दोन्ही इथल्या तलावांची नावं. एक घरी, एक मानेवाड्याला धाकट्या बहिणीकडे, तिसऱ्या मजल्यावर. महिन्याच्या पहिल्या रविवारी अदलाबदल. घरच्या डिस्कवर ताजं काम उतरवायचं, ती तिच्याकडे न्यायची, तिच्याकडची आणायची. शनिवारी रात्री तिचा फोन ठरलेला, “ताई, सांबारवड्या घेऊन येऊन राहिली का, का नुसती डिस्क?” वड्यांमुळे एकही रविवार चुकलेला नाही. तुम्हीही बॅकअपची गाठ अशा एखाद्या सवयीशी बांधा, फोनमधला रिमाइंडर आपण सगळेच पुढे ढकलतो. आणि मे महिन्यात पारा पंचेचाळिशीला टेकलेला असताना डिस्क बंद कारमध्ये किंवा गाडीच्या डिक्कीत ठेवून रसवंतीत बसू नका.

विंडोजमध्ये ‘फाइल हिस्टरी’ आहे, मॅकमध्ये ‘टाइम मशीन’. एकदा चालू करून ठेवलं की डिस्क जोडल्यावर जुन्या आवृत्त्यांसकट प्रत होते. काम झालं की डिस्क काढून ठेवायची. कायम जोडून ठेवली तर रॅन्समवेअर, म्हणजे फायली अडकवून खंडणी मागणारा व्हायरस, शिरल्यावर लॅपटॉपसोबत तिच्याही फायली जातील.

चालू आठवड्याचं काम मी गूगल ड्राइव्हवर ठेवते. फुकटात पंधरा जीबी मिळतात, मजकुराला भरपूर होतात. पण तो सिंक आहे. लॅपटॉपवरून फोल्डर उडवलं की तिकडूनही उडतं, आणि ट्रॅशमधून तीस दिवसांनी कायमचं. त्याच्या भरवशावर डिस्कला सुट्टी देऊ नका.

आता चोरी. पुरासाठी जितक्या जास्त प्रती तितकं बरं, पण चोराच्या हाती लागू शकतील अशा जागाही तितक्याच वाढतात. म्हणून एकेका प्रतीला कुलूप हवं. हे मला मागच्या वर्षी कळलं. मुंबईच्या रात्रीच्या गाडीत, भुसावळनंतर कधीतरी, बर्थखालची बॅग गेली. लॅपटॉपवर बिटलॉकर, म्हणजे डिस्कला कुलूप घालणारी विंडोजची सोय, होता, त्यामुळे फायलींसाठी माझा जीव वर-खाली झाला नाही. बॅगच्या बाहेरच्या खणातला सोळा जीबीचा पेनड्राइव्ह मात्र उघडा होता आणि त्यात एका आजोबांचं मृत्युपत्र होतं. वकीलसाहेबांना फोन केला. ते बराच वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, “पक्षकाराला तुम्हीच सांगा मॅडम, मी नाही सांगत.” सांगितलं बाप्पा. तो फोन आठवला की अजून कानशिलं तापतात.

लॅपटॉपला पासवर्ड आहे म्हणून निर्धास्त राहू नका. आतली डिस्क काढून दुसऱ्या मशीनला जोडली की विंडोजचा पासवर्ड कोण विचारतो? डिस्कच एन्क्रिप्ट केलेली हवी, म्हणजे किल्लीशिवाय आतलं काही वाचताच येऊ नये. विंडोज प्रोमध्ये त्यासाठी बिटलॉकर आहे, मॅकमध्ये फाइलव्हॉल्ट. विंडोज ११ होम असेल तर सेटिंग्जमध्ये ‘प्रायव्हसी अँड सिक्युरिटी’खाली ‘डिव्हाइस एन्क्रिप्शन’ दिसतं का बघा. सगळ्या मशीनमध्ये नसतं. बाहेरच्या डिस्कला आणि पेनड्राइव्हला प्रोमधूनच बिटलॉकर लावता येतो. होमवाल्यांनी त्याच कामाचं वेराक्रिप्ट हे फुकटचं सॉफ्टवेअर घ्यावं.

कुलूप लावलं की किल्ली सांभाळा. बिटलॉकरची ‘रिकव्हरी की’, म्हणजे अडल्या वेळची किल्ली, अठ्ठेचाळीस आकड्यांची असते, सहा-सहाचे आठ गट. मायक्रोसॉफ्ट खात्यातून साइन इन करणाऱ्या बऱ्याच जणांच्या लॅपटॉपवर एन्क्रिप्शन आपोआप चालू झालेलं असतं आणि त्यांना पत्ताही नसतो. मग एक दिवस दुकानात मदरबोर्ड बदलतात आणि निळ्या स्क्रीनवर की मागितली जाते. अशांची की बहुधा त्याच खात्यात असते, आजच लॉगिन करून बघा. मी माझी कागदावर उतरवली, बहिणीने मोठ्याने वाचली, मी ताडून पाहिली. पाचव्या गटात मी सहाचा नऊ केला होता. आता तो कागद तिच्या कपाटात रेशन कार्डाच्या प्लॅस्टिकमध्ये आहे. डिस्क मात्र तिथे ठेवत नाही, ती दुसऱ्या खोलीत.

लॅपटॉपखालच्या स्टिकरवरच्या सीरियल नंबरचा फोटो काढून ठेवा आणि बिलासोबत मेलवर टाका. गाडीत चोरी झाली तर १३९ वर कळवा आणि लोहमार्ग पोलिसांकडे एफआयआर करा. हद्द दुसरी असली तरी झिरो एफआयआर घ्यावाच लागतो. माझ्याकडे नंबर होता म्हणून कागद अर्ध्या तासात झाला. त्याआधी, स्टेशनवर उभ्या-उभ्या फोनवरून मेलचा पासवर्ड बदला आणि गूगल खात्यातल्या डिव्हाइसच्या यादीतून हरवलेलं मशीन साइन आउट करा. मेल आधी, कारण बँकेपासून सगळ्यांचे ‘पासवर्ड विसरलात?’ तिथेच येतात.

एक काम राहिलं, ते लोक हमखास टाळतात. अदलाबदल करताना मी बहिणीच्या लॅपटॉपवर डिस्क जोडते, पासवर्ड टाकते आणि कुठलीही तीन जुनी कागदपत्रं उघडून शेवटच्या पानापर्यंत जाते. गेल्या महिन्यात दुसऱ्याच फाइलला फुटाळा टिक-टिक करू लागली. दुसऱ्या दिवशी सीताबर्डीवरून नवी आणली, अंबाझरीवरून सगळं तिच्यावर उतरवलं. चिकटपट्टीवर बहिणीनेच लिहिलं, ‘गोरेवाडा’.