गणपतीच्या रजा कशा ठरवाव्यात: नव्याने टीम सांभाळणाऱ्यांसाठी

मुंबईतल्या कार्यालयात बढती मिळून सहा-आठ जणांची टीम हाती आली, की नव्या टीम लीडरला कामाच्या लक्ष्याची आणि वरिष्ठांना द्यायच्या अहवालांची चिंता लागते. प्रत्यक्षात त्याची पहिली परीक्षा होते ती रजेच्या अर्जांवर, आणि त्यातही भाद्रपदातल्या अर्जांवर. कालपर्यंत शेजारी बसून डबा खाणारा सहकारी आज अर्ज घेऊन समोर उभा राहतो, तेव्हा अर्ज हाती आल्यावर नियम शोधू लागणारा लीडर काहीही ठरवो, त्याच्यावर पक्षपाताचा ठपका येतोच. म्हणून नियम आधी हवा, लेखी हवा आणि सगळ्यांना माहीत हवा.

सुरुवात कायद्यापासून करावी. महाराष्ट्रात वीस किंवा अधिक (२०२५ मधल्या दुरुस्तीपूर्वी दहा किंवा अधिक) कर्मचारी असलेल्या दुकाने व आस्थापनांना लागू असलेल्या २०१७ च्या अधिनियमानुसार कर्मचाऱ्याला वर्षाला आठ नैमित्तिक रजा मिळतात आणि त्या वर्षअखेरीस वापरल्या नाहीत तर संपतात. वर्षात २४० दिवस काम केलेल्याला दर वीस दिवसांमागे एक दिवस भरपगारी रजा मिळते आणि ती ४५ दिवसांपर्यंत साठवता येते. सणांच्या भरपगारी सुट्ट्या आठ आहेत. त्यांपैकी २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या ठरलेल्या असून उरलेल्या चार मालक व कर्मचारी यांनी वर्ष सुरू होण्यापूर्वी एकमताने ठरवायच्या असतात. बऱ्याच छोट्या कार्यालयांत ही चर्चा होतच नाही, एक यादी भिंतीवर लागते आणि विषय तिथेच संपतो. ती चर्चा डिसेंबरमध्ये घडवून आणणे हे तुमचे काम समजा. जाता जाता एक गोष्ट सांगायला हवी: व्यवस्थापकीय किंवा पर्यवेक्षकीय पदावरच्या व्यक्तीला हा अधिनियम लागू होत नाही, त्यामुळे बढतीचे पत्र स्वीकारण्यापूर्वी त्यात तुमच्या स्वतःच्या रजांबद्दल काय लिहिले आहे ते नीट वाचावे.

त्यानंतर कॅलेंडर उघडावे. रेल्वेचे आगाऊ आरक्षण १ नोव्हेंबर २०२४ पासून १२० ऐवजी ६० दिवस आधी सुरू होते. २०२६ मध्ये गणेश चतुर्थी सोमवारी, १४ सप्टेंबरला आहे. म्हणजे शनिवारी, १२ सप्टेंबरला कोकणकन्या किंवा तुतारी पकडू पाहणाऱ्याला १४ जुलैच्या सकाळी आरक्षणाला बसावे लागेल. अशा गाड्यांची प्रतीक्षायादी किती झपाट्याने वाढते हे चाकरमान्यांना सांगायला नको. तेव्हा रजा मंजूर की नामंजूर हे त्याला जुलैच्या पहिल्या आठवड्यातच कळले पाहिजे. ऑगस्टअखेर ‘बघू’ म्हणणारा लीडर माणसाला तिकिटाविना तरी ठेवतो किंवा खोटे आजारपण सांगायला तरी लावतो, आणि दोन्हींत नुकसान टीमचेच होते.

लेखा विभागात हा पेच अधिक घट्ट असतो. सप्टेंबरच्या ७ तारखेला टीडीएसचा भरणा, ११ तारखेला जीएसटीचे विक्रीविवरण, १५ तारखेला आगाऊ प्राप्तिकराचा दुसरा हप्ता आणि २० तारखेला जीएसटीचे मासिक विवरणपत्र, अशी रांग लागलेली असते आणि २०२६ मध्ये चतुर्थी तिच्या ऐन मध्यावर येते. तुमचा विभाग कोणताही असो, अशा न टळणाऱ्या तारखा आधी लिहून काढाव्यात आणि त्या प्रत्येक दिवशी किमान किती माणसे जागेवर हवीत हे ठरवावे. मग रजांसाठी किती जागा उरतात ते आपोआप दिसते.

या जागा वाटण्याचे तीन मार्ग प्रचलित आहेत: जो आधी मागेल त्याला, ज्येष्ठतेनुसार, किंवा चिठ्ठ्या टाकून. माझ्या मते तिन्ही अपुरे आहेत आणि चिठ्ठ्या तर सर्वांत वाईट, कारण त्यात लीडर स्वतःची जबाबदारी नशिबावर ढकलतो. त्यापेक्षा वर्षभराचा एकच तक्ता करावा. मुंबईतल्या टीममध्ये कोणाला गौरी-गणपतीला सावंतवाडीला जायचे असते, कोणाला छठपूजेला गावी, कोणाला ईद किंवा नाताळ घरी करायचा असतो. प्रत्येकाने आपला सर्वांत महत्त्वाचा एक सण आणि दुय्यम महत्त्वाचा एक सण जानेवारीतच नोंदवावा; पहिला शक्यतो मिळावा, दुसरा जागा असेल तर. ज्याच्या मुंबईतल्याच घरी दीड दिवसाचा गणपती असतो त्याची गरज दोन दिवसांत भागते, तर गावी पाच दिवसांचा असलेल्याला प्रवास धरून आठवडा लागतो, हेही तक्त्यात दिसू द्यावे. तरीही एका सणाला मागणी जास्त झाली, तर मागच्या वर्षी ज्याला नकार मिळाला त्याला या वर्षी अग्रक्रम द्यावा. त्यासाठी नकारांची नोंद ठेवावी लागते. ती ठेवणारी कार्यालये मी फार कमी पाहिली आहेत. नकार द्यायची वेळ आली तर तो समोरासमोर, कारणासह द्यावा. तो व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू नये.

रजा देता येत नाही याचे खरे कारण बहुधा माणसांची कमतरता हे नसते. एक काम एकालाच येते, हे असते. जूनपासून प्रत्येक महत्त्वाच्या कामासाठी दुसरा माणूस तयार करायला घ्यावा. ज्याचे काम आहे त्याने एका पानावर पायऱ्या लिहाव्यात, पर्यायी माणसाने ते काम जुलै आणि ऑगस्टमध्ये प्रत्येकी एकदा स्वतः करावे, आणि मूळ माणसाने शेजारी बसून फक्त पाहावे. पासवर्ड, बँकेची अधिकृत सही आणि ओटीपी ज्या मोबाइलवर येतो तो मोबाइल, या तीन ठिकाणी काम हमखास अडते. ओटीपी मागायला रत्नागिरीला फोन लावण्याची वेळ येऊ नये म्हणून त्यांची व्यवस्था वरिष्ठांकडून आधीच लेखी मंजूर करून घ्यावी. काही जण आपले काम दुसऱ्याला शिकवायला कचरतात, कारण त्यांना जागेची धास्ती असते. अशा वेळी वार्षिक मूल्यमापनात ‘पर्यायी माणूस तयार केला’ या बाबीला वेगळे गुण देण्याविषयी वरिष्ठांशी बोलावे, म्हणजे भीती बरीच कमी होते.

हीच शिस्त तुम्हालाही लागू आहे. ज्या लीडरचे काम दुसऱ्या कोणालाच येत नाही त्याला वर घ्यायला वरिष्ठ कचरतात, कारण त्याची जागा कोण भरणार हा प्रश्न उभा राहतो. म्हणून या गणपतीत तुम्हीही तीन-चार दिवस रजा घ्यावी, टीममधल्या एकाकडे अधिकार लेखी सोपवावेत आणि त्या दिवसांत फोन कोणत्या कारणांसाठी करायचा हे त्याला स्पष्ट सांगून जावे. परत आल्यावर कुठे काय अडले याची यादी त्याच्याकडूनच घ्यावी आणि मार्चमधल्या मूल्यमापनाच्या बैठकीत रजांच्या तक्त्यासोबत ती वरिष्ठांपुढे ठेवावी.