शिफारसपत्रासाठी शिक्षक कसे निवडाल?

मूल इथल्या हायस्कूलमध्ये नववी-दहावीत दाखल झालं की घर, गाडी, विमा यांच्या धावपळीत कॉलेजची शिफारसपत्रं कुणाला आठवणार? पण अमेरिकेत नव्याने आलेल्या प्रत्येक मराठी कुटुंबाला मी हा विषय पहिल्याच वर्षी काढायला सांगते.

आपल्याकडे शिफारसपत्र म्हटलं की लेटरहेड, मुख्याध्यापकांची सही आणि शिक्का. मजकूर बरेचदा विद्यार्थीच लिहून नेतो. इथे शिक्षक स्वतः लिहितात आणि कॉमन ॲपवर, म्हणजे अनेक कॉलेजांसाठी एकच ऑनलाइन अर्ज भरता येतो त्या साइटवर, परस्पर चढवतात. विद्यार्थ्याचा ते पत्र पाहण्याचा हक्क १९७४च्या 'फर्पा' (विद्यार्थ्यांच्या शैक्षणिक नोंदींबद्दलच्या) कायद्याशी जोडलेला आहे. अर्ज भरताना तो सोडल्याची खूण करायची असते. ती बिनधास्त करा, म्हणजे शिक्षकही मोकळेपणाने लिहितात.

आधी कॉलेजांची यादी बघा. एमआयटीला दोन शिक्षकांची पत्रं लागतात: एक गणित किंवा विज्ञानाच्या शिक्षकांचं, दुसरं भाषा, साहित्य किंवा सामाजिक शास्त्रांच्या शिक्षकांचं. कॅलटेकचंही साधारण तसंच. कॅलिफोर्नियाची यूसी विद्यापीठं मात्र मूळ अर्जासोबत पत्रं मागत नाहीत.

शिक्षक शक्यतो अकरावीचे आणि मुख्य विषयाचे घ्यावेत. नववीच्या शिक्षकांनी पाहिलेलं मूल एव्हाना बदललेलं असतं, आणि लवकरच्या अर्जांची मुदत बहुतेक १ नोव्हेंबरला असल्याने बारावीच्या शिक्षकांची ओळख तोवर जेमतेम दोन-अडीच महिन्यांची.

सगळ्यात जास्त गुण देणारे शिक्षक हीच योग्य निवड, असं बहुतेक आई-बाबा धरून चालतात. मला ते पटत नाही. गुण तर ट्रान्सस्क्रिप्टवर, म्हणजे शाळेच्या गुणपत्रकावर, दिसतातच. कॉमन ॲपच्या शिक्षकांच्या फॉर्ममध्ये वर्गातल्या चर्चेतला सहभाग, अपयशानंतर मूल कसं सावरतं, इतरांबद्दलची आस्था, असे रकाने असतात. ज्या केमिस्ट्रीत पहिल्या चाचणीला 'सी' ग्रेड मिळाली आणि मुलगी रोज शाळा सुटल्यावर शंका घेऊन बसली, त्या शिक्षकांकडे लिहायला खरंच काहीतरी असतं.

आपल्या मुलांची अडचण नेमकी इथे होते. मोठ्यांसमोर विचारल्याशिवाय बोलू नये, हे आपणच त्यांना शिकवलेलं. त्यात इंग्रजीचा नवा उच्चार, नवा वर्ग. पेपर उत्तम लिहिणारा मुलगा वर्षभर मागच्या बाकावर गप्प बसतो. शिक्षकांना तो आवडतो, पण 'अभ्यासू आणि शांत' यापलीकडे ते काय लिहिणार? म्हणून अकरावीच्या पहिल्या महिन्यापासून त्याला दोन विषय निवडू द्या. त्या तासांना हात वर करायचा, शाळेनंतरच्या मदतीच्या वेळेत जायचं, वाचलेल्या गोष्टीबद्दल शिक्षकांशी बोलायचं. ही ओळख उन्हाळ्याच्या सुट्टीत करून होत नाही.

विचारायचं अकरावीच्या मे महिन्यात, सुट्टी लागण्याआधी. पुष्कळ शिक्षक ठरावीक पत्रंच घेतात. मुलाने स्वतः जाऊन विचारावं: "माझ्याबद्दल तुम्ही भक्कम पत्र लिहू शकाल का?" शिक्षक जरा घुटमळले तर आभार मानून दुसऱ्यांकडे जावं. आई-बाबांनी ईमेल करू नये, अगदी आठवण करून द्यायलाही. होकार आला की त्या वर्गातले दोन-तीन नेमके प्रसंग, प्रकल्प आणि मुदतीच्या तारखा एका पानावर लिहून द्याव्यात.

बाबांच्या ऑफिसातल्या व्हाइस प्रेसिडेंटचं किंवा महाराष्ट्र मंडळाच्या अध्यक्षांचं पत्र नको. मात्र मुलगी रविवारच्या मराठी शाळेत लहानांना शिकवत असेल आणि कॉलेज जादाचं पत्र घेत असेल, तर तिथल्या ताईंचं पत्र जरूर जोडा.

शाळेतल्या काउन्सेलरचं, म्हणजे मार्गदर्शकांचं, पत्र वेगळं असतं. त्यांच्याकडे शेकडो मुलं असतात, म्हणून मुलाने लवकर भेटून देश कधी बदलला, आधीचं बोर्ड कोणतं, तिथे ७८ टक्के म्हणजे काय, हे समजावून द्यावं. नाहीतर ते गुण इथे उगाच कमी वाटतात.

बारावीतच आला असाल तर पुण्या-नाशिकच्या जुन्या शाळेतल्या शिक्षकांना विनंती करा. पत्र इंग्रजीत हवं, ईमेल शक्यतो शाळेचा. कॉमन ॲपचं निमंत्रण त्यांच्या स्पॅममध्ये जाऊन पडू शकतं, तेव्हा ते पाठवलं त्याच दिवशी फोन करा, आणि भारतातल्या दिवाळीच्या सुट्टीआधी पत्र चढलंय का ते बघा.