रेकॉर्ड दुकानात जांगड ठेवण्यापूर्वी

स्वतःच्या खर्चाने काढलेला अल्बम दुकानदार सहसा रोखीने विकत घेत नाही. तो माल जांगड ठेवून घेतो, म्हणजे रेकॉर्ड विकली गेली की स्वतःचा हिस्सा कापून उरलेली रक्कम देतो आणि न खपलेल्या प्रती परत करतो. विक्री होईपर्यंत त्या मालाचे मालक आपणच असतो, आणि पुढची सगळी तयारी या एका गोष्टीवरून ठरते.

मुंबईत काळा घोड्याचे ऱ्हिदम हाउस हे संगीताचे दुकान २०१६ साली बंद झाले. आता अशी दुकाने मोजकीच आहेत, म्हणून आधी गिऱ्हाईक म्हणून जाऊन तिथे कोणते संगीत ठेवले जाते आणि स्वतंत्र कलाकारांना वेगळा कप्पा आहे का, हे पाहून यावे. बोलणी करायला शनिवारी संध्याकाळी जाऊ नये. आधी फोन करून आडवारी सकाळी जावे आणि ‘विक्रीसाठी नाही’ असा शिक्का मारलेली एक प्रत दुकानात वाजवण्यासाठी देऊन यावी.

वेष्टन छापायला देण्यापूर्वी मागची बाजू शांतपणे वाचावी. कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२अ नुसार ध्वनिमुद्रण करणाऱ्याचे नाव व पत्ता, हक्कधारकाचे नाव व पत्ता आणि प्रथम प्रकाशनाचे वर्ष तिथे असणे बंधनकारक आहे. अल्बममध्ये दुसऱ्याचे गाणे नव्याने गायले असेल, तर त्याची परवानगी छपाईच्या आधीच हातात हवी. वेष्टनाच्या कण्याकडे, म्हणजे अरुंद कडेकडे, बहुतेकांचे दुर्लक्ष होते. फळीवर उभ्या लावलेल्या रेकॉर्डची जेमतेम तीन-चार मिलिमीटरची कडच तेवढी दिसते, म्हणून तिच्यावर कलाकाराचे नाव ठळक असावे, आणि नाव देवनागरीत असले तर ते रोमन लिपीतही द्यावे, कारण कप्पे बहुधा इंग्रजी अक्षरक्रमाने लावलेले असतात.

किंमत ठरवताना हिशेब उलट्या बाजूने करावा. समजा रेकॉर्ड १,८०० रुपयांना ठेवली आणि दुकानाचा हिस्सा ३० टक्के ठरला, तर आपल्या हाती १,२६० रुपये येतात. छपाई, वेष्टन, वाहतूक आणि एखाददुसरी खराब निघालेली प्रत हे सगळे त्यातच बसले पाहिजे. तीच रेकॉर्ड आपल्या मैफलीत १,४०० रुपयांना विकणे मला अजिबात योग्य वाटत नाही, कारण ज्याने आपल्याला जागा दिली त्याच्याच गिऱ्हाइकाला आपण तिथून उठवतो.

कागदाशिवाय एकही प्रत देऊ नये. ओळखीच्या माणसाकडे सही काय मागायची, या संकोचापायी मी एकदा बारा प्रती नुसत्या शब्दावर दिल्या होत्या; पाच महिन्यांनी दुकानाचे शटर खाली आलेले दिसले, आणि त्या प्रती माझ्या आहेत हे दाखवायला माझ्याकडे चिठ्ठीसुद्धा नव्हती. म्हणून प्रतींची संख्या, किंमत, हिस्सा, मुदत, हिशेबाची तारीख, परतीचा खर्च आणि चोरी किंवा नुकसान झाल्यास भरपाई कोणाची, हे एका पानावर लिहून दोघांच्या सह्या घ्याव्यात, व प्रत्येक प्रतीच्या आतल्या पाकिटावर पेन्सिलीने क्रमांक घालावा. जीएसटी नोंदणी असेल, तर माल पाठवताना सोबत क्रमांकित चलन (डिलिव्हरी चलान) तीन प्रतींत करावे लागते. बीजक (इनव्हॉइस) विक्रीच्या वेळी करायचे असते; मात्र माल पाठवल्यापासून सहा महिने उलटत असतील, तर विक्रीची वाट न पाहता ते करावे लागते. त्यामुळे जांगडीची मुदत नव्वद दिवसांची ठेवणे सोयीचे पडते.

पहिल्या खेपेला पाचच प्रती द्याव्यात. रेकॉर्ड उभ्या ठेवल्या जातील आणि खिडकीतल्या उन्हात राहणार नाहीत, याची विनंती त्याच वेळी करावी, कारण उष्णतेने वाकलेली तबकडी नंतर सहजी सरळ होत नाही. ठरलेल्या तारखेला फोनवर न विचारता स्वतः जावे, फळीवरच्या प्रती क्रमांकानिशी मोजाव्यात, मिळालेल्या रकमेची पोच द्यावी आणि उरलेल्या प्रतींसाठी नव्या तारखेचा कागद तिथेच करून घ्यावा.