जुनं रीळ सापडलंय? आधी वास घ्या, मग भोकं बघा

घरगुती फिल्म सापडली की सगळे आधी प्रोजेक्टर शोधत सुटतात. तसं करू नका. आकसलेल्या फिल्मची भोकं जुन्या यंत्रात हमखास फाटतात.

डबा उघडून वास घ्या. व्हिनेगरसारखा आंबट भपकारा आला, तर ॲसिटेट, म्हणजे फिल्मची मूळ प्लास्टिकची पट्टी, कुजायला लागलंय. ते रीळ बाकीच्यांपासून वेगळं करून थंड, कोरड्या जागी ठेवा.

मग फिल्म कडेने धरून उजेडात बघा. भोकं मधोमध, दोन चौकटींच्या (एकेका चित्राच्या) मध्ये असतील, तर ती पाथे या फ्रेंच कंपनीची साडेनऊ मिलिमीटर. १९२२ साली आली. कोडॅकची १६ मिलिमीटर १९२३ची, ती रुंदीवरूनच कळते. घोळ होतो आठ मिलिमीटरमध्ये. १९३२च्या साध्या आठमध्ये भोक मोठं आणि दोन चौकटींच्या सीमेवर असतं. १९६५च्या सुपर आठमध्ये बारीक आणि चौकटीच्या मध्याशेजारी.

कोडॅक फिल्मच्या काठावर वर्तुळ, चौकोन, त्रिकोण दिसतील. ती वर्षाची खूण. पण फिल्म बनल्याच्या, चित्रीकरणाच्या नव्हे. शिवाय खुणा वीस वर्षांनी पुन्हा येतात, म्हणून कपडे, मोटारी बघून ताळा करा.

स्कॅन करायला देताना वेग बजावून सांगा: साध्या आठला बहुधा सेकंदाला १६ चौकटी, सुपर आठला १८. चोवीसने चालवली की आजोबा उगाच धावत सुटतात!