सीआरजीओची पत्ती कापण्याआधी दिशा कशी शोधायची

चिपळूण-कुडाळकडच्या ट्रान्सफॉर्मर रीवाइंडिंगच्या कामात सीआरजीओचे (कोल्ड रोल्ड ग्रेन ओरिएंटेड, म्हणजे ट्रान्सफॉर्मरच्या कोअरचं पोलाद) उरलेसुरले पत्रे किलोवर मिळतात. लेबल नाही, रोलिंगची दिशा कुणाला ठाऊक नाही. सुमारे 3 टक्के सिलिकॉनचं हे पोलाद रोलिंगच्या दिशेने सहज चुंबकित होतं. आडवं लावलं तर नो-लोड करंट (लोड नसतानाही ओढला जाणारा) कित्येक पटींनी चढतो, कोअर तापतो. 1934 साली पेटंट मिळालेल्या नॉर्मन गॉसच्या पद्धतीने बनवलेल्या पत्र्यात लोखंडाच्या स्फटिकांच्या घनाची कड रोलिंगच्या दिशेला येते. सगळ्यात हट्टी दिशा मात्र 90 अंशांवर नसते, ती असते सुमारे 55 अंशांवर, कारण तिथे घनाचा कर्ण येतो. तेव्हा ‘जरा तिरकं चालतंय’ म्हणू नका.

नजरेवरही भिस्त नको. काही ग्रेडवर लेसरच्या बारीक रेघा असतात आणि त्या रोलिंगला आडव्या मारलेल्या असतात. त्यांनाच दिशा समजलं की कोअर उलटा.

खात्रीसाठी पत्र्यातून 30 × 300 मिमीच्या 16 पट्ट्या एका दिशेने आणि 16 त्याला काटकोनात कापा. एका वेळी एकाच दिशेच्या पट्ट्या घेऊन चौकोन रचा: प्रत्येक बाजूला 4, कोपऱ्यात आलटून-पालटून एकमेकींवर, वर 100 ग्रॅमचं वजन. प्रत्येक बाजूला 100 वेढ्यांची प्रायमरी (वीज द्यायची गुंडाळी) आणि तेवढीच सेकंडरी (व्होल्टेज मोजायची). दोन्ही आपापल्या सिरीजमध्ये, एकाच फेऱ्याने. एक बॉबीन उलटी जोडली तर करंट उसळतो आणि दोष पत्र्याला जातो!

व्हॅरिएकनंतर (व्होल्टेज हाताने कमी-जास्त करायचं साधन) 230/12 व्होल्टचा छोटा ट्रान्सफॉर्मर लावा, नाहीतर इतका कमी व्होल्टेज हाताने जमत नाही. पत्ती 0.27 मिमीची असेल तर सेकंडरीवर 4.3 व्होल्ट आले की पत्तीत चुंबकत्व 1.5 टेस्ला झालं. आता प्रायमरीचा करंट वाचा. कमी करंट ज्या पट्ट्यांचा, त्यांची लांबी म्हणजे रोलिंगची दिशा. उरलेल्या पत्र्यावर लगेच मार्करने बाण काढा.

कोअरचे पाय (उभे भाग) आणि योक (त्यांना जोडणारे आडवे भाग), दोन्हींची लांबी बाणाच्याच दिशेने ठेवा. जोड 45 अंशांत कापा. चौकोनी टोकांच्या जोडात फ्लक्सला (चुंबकीय प्रवाहाला) कोपऱ्यात आडवं जावं लागतं, आणि तापतो नेमका तोच कोपरा. ब्लेड धारदार हवं, बर (कापताना कडेला उठणारा कंगोरा) 0.02 मिमीच्या आत. पत्ती वाकवू किंवा ठोकू नका, ताण पडला की लॉस वाढतो. कापलेल्या कडेवर कोटिंग उरत नाही, म्हणून पावसाळ्यात खाऱ्या हवेत ती लवकर गंजते. कापलेला माल प्लास्टिकमध्ये सिलिका जेल टाकून बांधा आणि जमेल तितक्या लवकर रचून वार्निश करा.