लाइट गेली तरी वायफाय चालू ठेवायचं असेल तर

फायबरच्या तारेला लाइटशी देणंघेणं नसतं, बंद पडतो तो घरातला डबा, म्हणजे राउटर. म्हणून लातूर-बीडकडं राउटर घेतानाच मिनी यूपीएसचा, म्हणजे लाइट गेल्यावर राउटर चालवणाऱ्या छोट्या बॅटरीचा, विचार करावा. अख्खा इन्व्हर्टर नसला तरी भागतं.

आधी राउटरच्या अडॅप्टरवरची 'आउटपुट' ओळ वाचा. बहुतेकांवर १२ व्होल्ट, १ ते २ अँपिअर असतं. काहींवर ९ व्होल्ट. यूपीएसचे व्होल्ट त्याच्याशी तंतोतंत जुळलेच पाहिजेत. ९ च्या राउटरला १२ दिले तर तो जळू शकतो. अँपिअर जास्त असले तर बिघडत नाही, कमी पडले तर राउटर सारखा रीस्टार्ट होतो आणि लोक उगाच कंपनीला फोन लावत बसतात. पिन साधारण ५.५ मिमीची असते, पण आतलं भोक २.१ किंवा २.५, सैल बसली तर धक्का लागताच बंद. अधिक-उणे खूणही ताडून बघा.

फायबरची तार जोडलेला डबा आणि राउटर वेगवेगळे असतील तर दोन्हींना बॅकअप लागतो. इथंच बहुतेकांचं फसतं.

बॅटरीवरच्या एमएएचच्या (मिलीअँपिअर-अवर) आकड्याला भुलू नका, वॅट-अवर बघा, म्हणजे किती वॅट किती तास पुरतील ते. १०,००० एमएएच म्हणजे ३.७ व्होल्टच्या हिशेबानं ३७ वॅट-अवर. राउटर ८ वॅट खात असेल, तर घट धरून साडेतीन-चार तास.

मे महिन्यात पत्र्याखाली किंवा राउटरच्या डोक्यावर यूपीएस ठेवू नका; उष्णतेनं लिथियम सेल लवकर बसतात. फुगलेला दिसला की लगेच काढून टाका.